९.५२ आलं तर ९.५२ लिहू द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पहिल्या वर्षाला ठेवलेल्या 'ओळख' स्वरूपाच्या अभ्यासक्रमांबद्दल आपल्या पत्रस्तंभात सध्या बरंच छापून येत आहे. विज्ञानाच्या मुलांना तत्त्वज्ञान कशाला, धर्म हा विषय महाविद्यालयात हवाच कशाला, आणि ज्याला पुढे इतिहास घ्यायचा आहे त्याच्या माथी भौतिकशास्त्र का मारायचं, असा बहुतेकांचा सूर दिसतो. मी ३१ वर्षं पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर रीतसर परवानगी काढून दोन सत्रं विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले, एक सत्र तत्त्वज्ञानाच्या प्रास्ताविक वर्गात आणि एक धर्मांच्या तौलनिक अभ्यासाच्या. तिन्ही विषय पहिल्या वर्षाला हवेत असं माझं ठाम मत आहे. ते ज्या घाईनं उरकले जातात त्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि त्या तक्रारीत माझी स्वतःची बरीच वर्षं येतात.

आधी प्रयोगशाळेतलं सांगते. साध्या लंबकावरून गुरुत्वीय त्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो तो आकडा, काढायचं, हा पहिल्या वर्षाचा जुना प्रयोग. बुचाच्या दोन फाकांत दोरा धरायचा, गोळा थोडासा बाजूला घेऊन सोडायचा, २० आंदोलनांना लागलेला वेळ मोजायचा आणि सूत्रात घालायचा. उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवं, हे मुलांना शाळेपासून पाठ असतं. त्यामुळे होतं असं की बरीच मुलं उत्तराकडून सुरुवात करतात. ९.८ धरून उलटा हिशेब करतात आणि सेकंदांचे आकडे जर्नलमध्ये भरतात. मागच्या वर्षीचं जर्नल हाताशी असेल तर तेवढीही मेहनत नाही. याला आमच्याकडे 'रीडिंग जुळवणं' म्हणतात. मी ते वर्षानुवर्षं पाहिलं आणि सही करत गेले.

एका वर्षी एका मुलानं ९.५२ असं उत्तर आणलं. दोरा ५० सेंटिमीटर, २० आंदोलनांना २८.८ सेकंद. दोनदा पुन्हा करायला लावलं तरी तेच. तो रडकुंडीला आला होता. आम्ही दोघांनी मिळून लंबक खाली काढला आणि पट्टी लावली. त्यानं दोरा मोजला होता गाठीपर्यंत. पण लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. आकडी आणि गोळ्याची त्रिज्या मिळून दीड सेंटिमीटर सुटलं होतं. ५० च्या जागी ५१.५ घातलं आणि उत्तर ९.८० आलं. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. 'मॅडम, म्हणजे घड्याळ बरोबर होतं!' असं तो दोनदा म्हणाला. दीड सेंटिमीटरनं केवढा फरक पडतो, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही, आणि सांगून ते तसं कळलंही नसतं.

त्यानं जर्नलमध्ये दोन्ही उत्तरं लिहिली, चूक कुठे झाली तेही लिहिलं. प्रात्यक्षिक परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी पहिला आकडा पाहिला आणि लाल रेघ मारून गुण कापले. त्याच टेबलावर शेजारच्या मुलाला जुळवलेल्या ९.८१ साठी पूर्ण गुण मिळाले. मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही.

भौतिकशास्त्राचा इतिहास जाणणाऱ्याला याचं जास्त वाईट वाटेल. १६७२ साली झां रिशे हे फ्रेंच खगोलज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेले. पॅरिसमध्ये नीट चालणारं त्यांचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. वेळ जुळवायला लंबक सुमारे पावणेतीन मिलिमीटर आखूड करावा लागला. रिशे यांनी तो फरक लिहून ठेवला. पुढे न्यूटननं त्याचाच आधार घेऊन दाखवलं की विषुववृत्ताजवळ गुरुत्व कमी पडतं, कारण पृथ्वी फिरते आणि मध्यावर फुगलेली आहे. आज आपण विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असे आकडे छापतो. रिशे यांनी रीडिंग जुळवलं असतं तर?

आता 'पोर्शन'बद्दल. हा शब्द शिक्षकांच्या खोलीत दिवसातून जितक्या वेळा उच्चारला जातो तितका दुसरा कुठलाच नाही. पोर्शन झाला का, पोर्शन राहिला, जादा तास घेऊन पोर्शन संपवा. पोर्शन संपतो हे खरं. मुलांच्या डोक्यात काय उरतं? मी दर वर्षी सत्राच्या शेवटी एक साधा प्रश्न विचारायचे. चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटला, वर चालला आहे. त्याच्यावर कोणकोणती बलं काम करत आहेत? हवेचा विरोध सोडून द्या. उत्तर एकच, खाली ओढणारं गुरुत्व. निम्म्याहून जास्त मुलं दोन बाण काढायची. एक खाली, गुरुत्वाचा. दुसरा वर, 'हाताचा जोर'. चेंडू किती उंच जाईल याचं गणित हीच मुलं चोख सोडवायची.

हे फक्त माझ्या वर्गाचं नव्हतं. रिचर्ड हेक या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ प्रास्ताविक वर्गांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे चाचणीचे निकाल एकत्र मांडले. सत्राच्या सुरुवातीला मुलांना जे येत नव्हतं, त्यातलं सत्राअखेर किती यायला लागलं, असा तो हिशेब होता. शिक्षकानं बोलायचं आणि मुलांनी लिहायचं अशा वर्गांत सरासरी २३ टक्के. जिथे मुलांना तासातच विचार करून एकमेकांशी वाद घालावा लागत होता तिथे ४८ टक्के. मी हे उशिरा वाचलं. वाचल्यावर दोन दिवस मला काही सुचलं नाही.

आणि तो दुसरा बाण? तो मूर्खपणाचा नाही. फेकणारा वस्तूत एक जोर भरतो आणि तो जोर हळूहळू संपत जातो, असं सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसनं मांडलं होतं. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदाँ या तत्त्वज्ञानं तोच विचार आणखी नेटका केला. मोठमोठ्या डोक्यांना तिथून पुढे सरकायला शतकं लागली. हे मी मुलांना सांगायला लागल्यावर एक गोष्ट बदलली: चुकीचं उत्तर देणारं मूल मान खाली घालेनासं झालं. हा फिलोपोनस तत्त्वज्ञ होता, ख्रिस्ती धर्मपंडित होता आणि पडणाऱ्या वस्तूंबद्दल ॲरिस्टॉटलशी भांडणाराही होता. आज तो आपल्याकडे शिकायला आला असता तर त्याला तीन वेगळ्या विभागांत तीन वेगळे अर्ज भरावे लागले असते.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी बसले ती जरा धास्तीनंच. तिसऱ्या तासाला सरांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतो. न्यायदर्शन या आपल्या जुन्या तर्कपरंपरेतलं हे हजार वेळा घासलेलं उदाहरण. मला वाटलं, आता प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशी अनुमानाच्या अवयवांची पाच नावं येणार आणि तास संपणार. सरांनी खडू ठेवला आणि म्हणाले, 'मोडा हे.' मुलं आधी गप्प. मग एक म्हणाला, धूर नसेल, धुकं असेल. दुसरा म्हणाला, धूर कालचा असेल, आग विझली असेल. सरांनी विचारलं, 'उलटं चालेल का? आग आहे म्हणून धूर आहे?' कुणीतरी म्हणालं, चालेल. तेवढ्यात मागून आवाज आला, लोखंडाचा लालबुंद गोळा! आग आहे, धूर नाही. सर हसले. हे उदाहरण जुन्या ग्रंथांतही अगदी असंच आहे, आणि धूर यायला इंधन ओलं लागतं ही अटही तिथे नोंदलेली आहे, हे त्यांनी मग सांगितलं. त्या मुलाला आपण काहीतरी शोधून काढलं असं वाटत होतं, आणि त्यानं खरोखरच शोधून काढलं होतं.

तास संपता संपता एका मुलीनं विचारलं, 'सर, जिथे धूर तिथे आग असतेच, हे सगळीकडे जाऊन कुणी पाहिलं आहे?' सरांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, 'हा प्रश्न चार्वाकांचा आहे, डोळ्यांना दिसेल तेवढंच मानणाऱ्यांचा. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये ह्यूम या तत्त्वज्ञानं असाच काहीसा प्रश्न विचारला. उद्या बघू.' दुसऱ्या दिवशी नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचा, जबाब आला: संशय घेणाऱ्यालाही धूर हवा असला की तो आगच पेटवतो, आणि स्वतःच्याच वागण्याशी भांडेल इतका संशय फार वेळ टिकत नाही. ती मुलगी म्हणाली, 'पण यानं ते सिद्ध होत नाही, फक्त आपलं काम चालतं.' वर्गात अर्धा तास रणकंदन झालं. मी शेवटच्या बाकावर बसून माझ्या लंबकाचा विचार करत होते. मीही २० आंदोलनं मोजून 'प्रत्येक लंबक' असं म्हणत आले होते. ३१ वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता, याचं वाईट वाटलं. आनंदही झाला, कारण अखेर तो पडला.

मग पोर्शन आडवा आला. शेवटच्या दोन आठवड्यांत सरांना सतराव्या शतकातल्या देकार्तपासून विसाव्या शतकातल्या अस्तित्ववादापर्यंत पोहोचायचं होतं, हातात सहा तास. जन्मसाल, ग्रंथ, सिद्धान्त, टीका. मुलं मुकाट्यानं लिहून घेत होती. परीक्षेत आलं: 'अनुमानाचे पाच अवयव लिहा.' पाच गुण. त्या मुलीच्या प्रश्नाला प्रश्नपत्रिकेत कुठेच जागा नव्हती.

धर्माच्या अभ्यासाबद्दल लोकांच्या मनात भीती जास्त आहे, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते. धर्म शिकवणं वेगळं आणि धर्मांचा अभ्यास करणं वेगळं. पहिल्याचा हेतू श्रद्धा रुजवणं असतो. दुसऱ्याचा हेतू माणसं काय मानतात, काय करतात आणि का, हे समजून घेणं. आमच्या बाईंनी पहिल्या तासाला फळ्यावर 'धर्म' हा शब्द लिहून विचारलं, हा अजून कुठे कुठे ऐकलात? राजधर्म, शेजारधर्म, धर्मांतर, धर्मादाय असं येत गेलं. मला राहवलं नाही, मी मागून म्हणाले, 'द्रव्याचे गुणधर्म!' सगळे वळून बघायला लागले. पण बाईंनी तेच धरलं. जाळणं हा आगीचा धर्म, आणि एखाद्या समाजाची उपासना हाही धर्म. मग इंग्रजीतल्या 'रिलिजन'ला आपण धर्म म्हणतो तेव्हा यातलं काय आत येतं आणि काय बाहेर राहतं? त्या तासाला उत्तर मिळालं नाही. शब्द मात्र कायमचा जागा झाला.

पुढे नेमलेलं पुस्तक सुरू झालं आणि त्यात एक तक्ता होता. धर्माचं नाव, संस्थापक, पवित्र ग्रंथ, ईश्वरविषयक कल्पना, पंथ. तक्ता पाठ करायला सोपा, पण त्यातच मोठी गफलत आहे. संस्थापकाच्या रकान्यात हिंदू किंवा जपानच्या शिंतो धर्मासमोर काय लिहिणार? जैन विचारात जग कुणी निर्माण केलेलंच नाही, मग ईश्वराच्या रकान्यात काय? एका घराच्या मापानं शिवलेला अंगरखा बाकी सगळ्यांना घालून बघायचा, असं ते होतं. बाईंनी रिकामे रकाने रिकामेच ठेवायला सांगितले आणि ते रिकामे का राहतात यावर मुलांना बोलायला लावलं. परीक्षेसाठी मात्र मुलांनी कुठून तरी शोधून ते भरलेच.

एकदा एक मुलगा तासातून उठून गेला. त्याच्या घरच्या श्रद्धेबद्दल पुस्तकात चार ओळी होत्या आणि त्या ऐकून त्याला लागलं होतं. बाई त्याच्या मागे गेल्या. त्या ओळी तुला कशा लिहाव्याशा वाटतात ते लिहून आण, एवढंच त्याला म्हणाल्या. त्यानं दोन पानं लिहून आणली आणि त्याच्या संमतीनं ती वर्गात वाचली गेली. त्यात तत्त्व थोडं होतं. आजीचा पहाटेचा जप होता, तिच्या बोटांची हालचाल होती, आणि ती गेल्यावर घरात ते कुणालाच जमेना, हे होतं. मग मुलांनी त्याला प्रश्न विचारले, काही अवघडही विचारले. या वेळी तो बसून राहिला आणि उत्तरं देत राहिला. ज्याची श्रद्धा आहे त्यानं 'हो, आमचं असंच आहे' म्हणावं इतकं नीट वर्णन आधी करा, चिकित्सा त्यानंतर, हा बाईंचा नियम होता. वर्तमानपत्रांतून धर्मावर जे वाद चालतात त्यात हा नियम पाळणारे मला फार थोडे दिसतात.

याला दोन आक्षेप येतील. पहिला, पोर्शन कमी केला तर मुलं स्पर्धेत मागे पडतील. पहिल्या वर्षाचा एक तृतीयांश भाग काढला तरी काही बिघडणार नाही, हे मी जबाबदारीनं लिहिते. तो भाग पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासूनच शिकवावा लागतो. दुसरा आक्षेप खरा आहे: वर्गात १२० मुलं असताना चर्चा कशी घ्यायची? मलाही ते अशक्य वाटायचं. मग हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून काय केलं ते वाचलं. पर्यायांसह एक प्रश्न द्यायचा, हात वर करून मत घ्यायचं, दोन मिनिटं शेजाऱ्याला पटवायला सांगायचं, पुन्हा मत घ्यायचं. शेवटची सहा वर्षं मी हेच केलं. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून तक्रारही आली. पण चेंडूवरचा तो दुसरा बाण दर वर्षी कमी होत गेला.

आणखी एक. पहिलं वर्ष नव्या, तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांच्या गळ्यात घालायचं आणि ज्येष्ठांनी वरचे वर्ग घ्यायचे, ही रीत बदलायला हवी. १९६१ ते १९६३ या काळात रिचर्ड फाइनमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी पहिल्या दोन वर्षांच्या मुलांना शिकवलं, ते कीर्तीच्या शिखरावर असताना. जर्मन तत्त्वज्ञ कांट तर तर्कशास्त्र आणि तत्त्वमीमांसेबरोबर भौतिकशास्त्र आणि प्राकृतिक भूगोलही शिकवत. ज्याला विषयाच्या कडा कुठे संपतात ते माहीत आहे त्यालाच नवख्या मुलाच्या प्रश्नाची भीती वाटत नाही.

मला ती वाटली होती. फार वर्षांपूर्वी, विश्वाच्या प्रसरणावरचा तास चालू असताना एका मुलानं विचारलं, 'मॅडम, महास्फोटाच्या आधी काय होतं? तो देवानं केला का?' मी म्हणाले, 'हे आपल्या अभ्यासक्रमात नाही.' वर्ग हसला. तो बसला आणि वर्षभर पुन्हा काही विचारलं नाही. आज तो चाळिशीचा असेल. त्याला तेव्हा द्यायचं होतं ते उत्तर, आपण जागा दिलीत तर, इथे लिहिते.

अरे, भौतिकशास्त्र सुमारे १,३८० कोटी वर्षं मागे जातं. विश्व जेमतेम ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा प्रकाश आपण आज सूक्ष्मतरंगांच्या रूपात मोजतो. त्याच्याही आधीचं बरंच गणितानं सांगता येतं, पण अगदी सुरुवातीच्या क्षणाला आपली आजची समीकरणं हात टेकतात. 'आधी' या शब्दाला तिथे अर्थ आहे का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. जग काळात निर्माण झालं नाही, काळ जगासोबतच निर्माण झाला, असं ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वी म्हणून गेले. देवानं केलं का, याला सगळे धर्म एकच उत्तर देतात असंही समजू नकोस. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळातलं १२९वं सूक्त ही सृष्टी कुठून झाली असं विचारतं, आणि वर बसून पाहणारा जो कुणी आहे त्याला तरी ते ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल, असं म्हणून थांबतं. बुद्धानं जग अनादि आहे की नाही हे सांगायचं नाकारलं, कारण बाण लागलेल्या माणसानं आधी तो काढून घ्यायचा सोडून बाण कुणी मारला याची चौकशी करत बसू नये. आणि महास्फोटाची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धान्ताचा संबंध ईश्वरी निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नाच्या बाहेरचा आहे, ज्याला मानायचं त्याला आणि नाही मानायचं त्याला तो सारखाच मोकळा आहे, अशी त्यांची भूमिका होती.

यातलं कुठलं उत्तर घ्यायचं ते तू ठरव. त्या दिवशी घंटा व्हायला अजून १२ मिनिटं होती. एवढं सांगून झालं असतं.

आपली,
भौतिकशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका